हेडफोनवरचा संशय

हेडफोनातला आवाज कमी झाला तेव्हा पहिला संशय मी बायकोवर घेतला. मग कॉम्प्युटरवर, मग रस्त्यापलीकडच्या स्टुडिओवाल्यावर, मग चिखलीच्या दुकानदारावर. गावात उरलंच कोण होतं म्हणा. या संशयांच्या भानगडीत एका पोरीच्या बापाचं बोलणं माझ्या हातून कायमचं पुसलं जाणार होतं, अन् पुसून वर मी हात झटकून मोकळाही झालो असतो. थोडक्यात वाचलं. कसं वाचलं ते लिहून ठेवतो, कारण ही गोष्ट मी तोंडाने सांगायला लागलो की मध्येच चिडतो अन् विषय भलतीकडे जातो.

डोणगावात माझं दुकान आहे. पुढच्या बाजूला बायको झेरॉक्स, लॅमिनेशन अन् पासपोर्ट फोटो बघते. मागे प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत माझा कॉम्प्युटर. लग्नाचं शूटिंग करायचं अन् मग या खोलीत बसून त्याचं मिक्सिंग करायचं, हा माझा वीस-बावीस वर्षांचा धंदा. मिक्सिंग म्हणजे दिवसभराच्या शूटिंगमधलं कामाचं तेवढं ठेवून, बाकी कापून, घरच्यांना बघता येईल असा व्हिडिओ बनवणं. आमच्या कामाची एक रीत आहे. गर्दीचा, पंगतीचा, वरातीचा खरा आवाज आम्ही सरसकट काढून टाकतो अन् त्या जागी गाणी चढवतो. खरा आवाज ठेवायचा तो फक्त मंगलाष्टकांचा अन् बिदाईच्या रडण्याचा. तेवढ्या दोन ठिकाणी हेडफोन घालून कान द्यावा लागतो. बाकी कोण कोणाला काय बोललं याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसतं. व्हिडिओ घरच्यांनी पास केला की मूळ शूटिंग पुसायचं अन् डिस्क पुढच्या लग्नाला मोकळी करायची.

मी संशयी आहे हे गावात कोणालाही विचारा. चहावाल्याने कप लवकर आणला तरी मला वाटतं, सकाळचाच गरम करून आणला असेल. उशिरा आणला तर वाटतं, आधी दुसऱ्याला दिला. त्याला इलाज नाही. लग्नात वीस वर्षं कॅमेऱ्यातून माणसं पाहिली की माणूस असाच होतो. फोटोपुरतं गळ्यात गळे घालणारे मंडपामागे जाऊन काय बोलतात, ते मी पाहिलेलं आहे.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी आवाज लांबून यायला लागला. शेजारच्या घरातला टीव्ही आपल्या घरात ऐकू यावा तसा. मंगलाष्टक कुठून कापायचं ते कळेना. बायकोवर संशय यायचं कारण असं की दोनच आठवड्यांपूर्वी ती मागच्या खोलीत येऊन म्हणाली होती की, अवो, कमी करा तो आवाज, तुमच्या कानातलं गाणं मले झेरॉक्सपाशी ऐकू येते. आता मला सांगा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, त्यातला आवाज पार्टिशनपलीकडे कसा जाईल. त्यात ही बाई रोज सकाळी कॉम्प्युटर पुसते. पुसता पुसता हिनेच आवाज कमी करून ठेवला, असं मी धरून चाललो. विचारलं तर म्हणाली, मी त्या डब्ब्याले हातही लावत नाही, वरूनच फडकं मारते. हे ती मान वर न करता म्हणाली. मान वर न करता म्हणाली म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी स्वतः हात घातला. कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चिन्हावर आवाज शंभर होता. म्हणजे वरून सगळं बरोबर दाखवत होतं. वरून सगळं बरोबर दिसलं की माझी झोप उडते. त्या चिन्हावर उजवं बटण दाबलं तर आत मिक्सर नावाचं आणखी एक घर निघालं. तिथं प्रत्येक सॉफ्टवेअरची आवाजाची पट्टी वेगळी. माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची पट्टी साठावर येऊन बसलेली. सापडला चोर. शंभरावर नेली, दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग आणखी आत गेलो. एका पानावर असं लिहिलेलं की कॉम्प्युटरवरून कोणाशी बोलणं चालू असेल तर बाकीचे आवाज ऐंशी टक्के कमी करावेत, अन् त्यापुढे आधीपासूनच खूण. मी केलेली नाही, बायकोने केलेली नाही, कंपनीतूनच तशी आलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरातला आवाज कमी करायचा अधिकार याला दिला कोणी. ती खूण काढून 'काहीच करू नको' यावर लावली. मग लाउडनेस इक्वलायझेशन म्हणून एक सोय सापडली, बारीक आवाज उचलून मोठ्याच्या बरोबरीला आणणारी, तीही चालू केली. हेडफोनची पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. आवाजाचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. प्रत्येक उपायाने दोन दिवस आराम पडायचा, अन् मला वाटायचं की सापडलं. शेवटी मी सॉफ्टवेअरमध्येच एकेका तुकड्याचा आवाज उचलायला लागलो. कानाला बरं लागेल इतका उचलायचा अन् व्हिडिओ गिऱ्हाइकाला द्यायचा.

त्यातून नवीनच कटकट उभी राहिली. एकामागून एक तीन गिऱ्हाइकं आली अन् तिघंही एकच म्हणाली की मंगलाष्टक लागलं की टीव्ही फाटते. एक जण तर म्हणाला, गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यते. तिघांच्या तोंडी तोच शब्द, फाटते. माझा मेंदू लगेच चालू झाला. वेगवेगळ्या गावची तीन माणसं एकच शब्द बोलतात म्हणजे तो कोणीतरी शिकवून पाठवलेला असणार. अन् शिकवणारा दुसरा कोण असेल, रस्त्यापलीकडे वर्षभरापूर्वी स्टुडिओ टाकून बसलेला. मी गिऱ्हाइकांना सांगितलं की तुमच्या टीव्हीचे स्पीकर तपासा. म्हशीवाल्याला सांगितलं की म्हैस तपास.

हेडफोन मात्र बदलायचा ठरवला. मेहकर जवळ पडतं, पण मेहकरातला दुकानदार त्या पलीकडच्या स्टुडिओवाल्याचा साडू. त्याच्याकडून वस्तू घ्यायची म्हणजे आपल्या हातानं आपली खबर पोहोचवायची. म्हणून मेहकरला गाडी बदलून मी चिखलीला गेलो. तिथल्या दुकानदाराने माझा जुना हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, मान डोलावली अन् म्हणाला, मस्त वाजून राह्यला भाऊ, काऊन बदलता. मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत होतो. विकणाऱ्याचं तोंड असंच असतं, काही कळू देत नाही. भांडून नवा घेतला. घरी आणून लावला, तर तसाच. पुन्हा चिखली. त्याने एका शब्दाने हुज्जत न घालता दुसरा डबा काढून दिला. हुज्जत न घालता बदलून देणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचा संशय आणखी पक्का झाला. हा दुसरा तर सगळ्यांत मुका निघाला.

या सगळ्या भानगडीत वैशाखातल्या लग्नांचं काम तुंबलं. त्यात एका टेलरच्या पोरीचं लग्न होतं.

हा टेलर आमच्याच बाजारपेठेतला. गरीब स्वभावाचा, वाळलेला माणूस. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय म्हणून की काय, टाचण्या नसल्या तरी ओठ फारसे उघडायचा नाही. पोरगी चिखलीला कॉलेजात होती, तिथलाच मुलगा तिने स्वतः पसंत केला. बापाला ते पटलं नाही. घरात दोघांचं बोलणं बंद झालं, ते सात-आठ महिने. शेवटी बाप कबूल झाला, लग्नही त्याने नीट लावून दिलं, जेवणात काही कमी पडू दिलं नाही. पण बोलला नाही. लग्नाच्या दिवशीही तिच्याशी एक शब्द बोलला नाही, हे सगळ्या मांडवाने पाहिलं.

मी तर कॅमेऱ्यातूनच पाहिलं. बिदाईच्या वेळी बाप-लेकीची गळाभेट हा आमच्या व्हिडिओचा सगळ्यांत मोठा शॉट असतो. सगळ्या घरादाराला रडवणारा. मी जागा धरून उभा, पोरगी आईच्या गळ्यात पडून रडते आहे, मावश्या रडताहेत, मागून डीजे दणकतो आहे, अन् बापाचा पत्ता नाही. तो पुढे आलाच नाही. माझा शॉट गेला म्हणून मी त्याच्यावर इतका चिडलो की घरी येऊन बायकोला म्हणालो, असा दगड माणूस पाहिला नाही.

तोच टेलर महिन्याभराने दुकानात आला. झाला का व्हिडिओ, एवढं त्याच्या ओठांवरून कळलं. पुढे काय पुटपुटला देव जाणे. काही माणसं मुद्दाम हळू बोलतात, समोरच्याने पुढे वाकावं म्हणून, अन् मला अशा माणसांचा राग आहे. मी वाकलो नाही. हेडफोन खराब आहे, आवाज येत नाही, थांबावं लागेल, असं सांगून वाटेला लावला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आला. आता मला संशय आला की ज्याने पोरीकडे ढुंकून पाहिलं नाही त्याला व्हिडिओची एवढी घाई कशाची. नक्की कोण आलं, कोण नाही आलं, आहेराच्या वेळी कोणी तोंड चुकवलं, हे तपासायचं असणार. पुन्हा तेच उत्तर दिलं. तो हो म्हणाला अन् गेला. तेव्हा मी त्याच्या व्हिडिओला हातसुद्धा लावलेला नव्हता.

श्रावणात तो गेला. सकाळी उठवायला गेले तर उठलाच नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आठ दिवसांत त्याचा व्हिडिओ पूर्ण केला, बिदाईत बाप नव्हताच म्हणून तिथंही रडण्याच्या जागी गाणं चढवलं अन् घरी पोचता केला.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी पोरगी दुकानात आली. सोबत कोणी नाही, डोळे सुजलेले. बायकोने तिला खुर्ची दिली. ती म्हणाली की व्हिडिओ पाहिला, छान आहे, पण त्यात सारे गाणेच आहेत. मूळ शूटिंग आहे का, अन् त्यात बाबाचा आवाज कुठं आहे का, ते तिला पाहिजे होतं. तेरवीला जमलेल्या बाया तिच्या तोंडावर बोलल्या होत्या की बाप नाराजच गेला. ते तिला खात होतं. लग्नाच्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही हे तिला ठाऊकच होतं, पण दुसऱ्या कोणाशी तिच्याबद्दल काही बोलला असेल, चांगलं नाहीतर वाईट, जे असेल ते तिला ऐकायचं होतं.

"काका, सारं ऐका," ती म्हणाली. "कुठं ना कुठं बोलले असतीन. शिव्या दिल्या असतीन तरी चालते."

मी हो म्हणालो. मनात मात्र आलं की हिला एवढं कशाला पाहिजे. घरात वाटणीचं काही निघालं असेल, बापाचं एखादं वाक्य पुरावा म्हणून लागत असेल. असंही मी मनात आणलं. आता लिहिताना लाज वाटते, पण आणलं.

साडेसहा तासांचं शूटिंग. मी तीन दिवस खोलीत बसून ऐकलं. आवाज सगळीकडे शंभरावर, वरून तुकड्यांचा आवाज उचललेला. टेलर जिथं जिथं दिसतो तिथं मागेपुढे करून पाहिलं. तो पाहुण्यांना हात जोडतो, वाढप्यांना खुणा करतो, ओठ हलतात न हलतात. ऐकू येतो तो डीजे, भांडी, अन् एक सगळ्यांचा मिळून कल्ला. मी मन लावून ऐकलं, कामचुकारपणा केला नाही. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा सरळ सांगून टाकलं.

"नाही बाई. तुहा बाप दिवसभरात कुठंच काही बोलला नाही."

तिने विचारलं की पूर्ण ऐकलं का. मला ते झोंबलं. वीस वर्षं हेच करतो म्हणालो.  ती उठली अन् म्हणाली की मग पुसलं तरी चालते काका, उगाच तुमची जागा अडते. बायको झेरॉक्सचं झाकण उघडं ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. पोरगी चिखलीच्या गाडीत बसून सासरी गेली.

मला अपराधी वाटायला पाहिजे होतं, तर मला आला राग. अन् तो पुन्हा त्या हेडफोनवर आला. तिसऱ्यांदा चिखलीला जायचं अन् या वेळी त्या दुकानदाराला सोडायचं नाही असं ठरवलं. पण एकट्याचं तो ऐकणार नाही, साक्षीदार पाहिजे. साक्षीदार म्हणून बायकोला घेऊन जायची. त्याआधी तिला तो आवाज किती मेलेला आहे ते ऐकवायला पाहिजे. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. तिला मागे बोलावलं, खुर्चीवर बसवलं. समोर त्या टेलरच्या पोरीची बिदाईच उघडी होती, तीच चालू केली अन् हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

तिने तो असा ओरबाडून काढला की वायर निघाली. दोन्ही हातांनी कान धरून ती माझ्यावर ओरडली की माणूस मारता का. मी म्हणालो, नाटकं करू नको. खरंच मला वाटलं की ही नाटक करते आहे. चिखलीची वारी टाळायची असेल.  तिने पिन पुन्हा लावली, मला विचारून आवाजाची पट्टी कुठली ते पाहिलं अन् ती शंभरावरून वीसच्याही खाली आणली. मग हेडफोन घालून शांतपणे ऐकत बसली. मी उभा राहून तिचं तोंड पाहत होतो. दोन-तीन मिनिटांनी तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे कोण बोलून राह्यलं तुमच्याशी?" तिने विचारलं.

कोणी नाही म्हणालो. ती म्हणाली की एक माणूस अगदी क्यामेऱ्याजवळ उभा राहून तुमच्याशी बोलते, तुम्हाले भाऊ म्हणते. मला दिसत होती ती फक्त पोरगी, आईच्या गळ्यात पडलेली. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. बायकोने तो तुकडा मागे नेला, पुन्हा ऐकला, पुन्हा मागे नेला. तिचे डोळे भरून आले, अन् तिने ते शब्द जसेच्या तसे मला सांगितले.

माझा यावर विश्वास बसला नाही. बायको मऊ मनाची. त्या पोरीला रडताना तिने पाहिलेलं. तिला बरं वाटावं म्हणून ही शब्द रचते आहे, असंच माझ्या मनात आलं. म्हणून मी तिची परीक्षा घेतली. होय, घेतली. दुसऱ्या एका लग्नातला भटजी आहेर देणाऱ्यांची नावं घेतो तो तुकडा लावला. ती नावं माझ्याकडे कागदावर होती, बायकोने कधी पाहिलेली नव्हती. तिने अठराच्या अठरा नावं बरोबर सांगितली. कुठं भटजी खोकला तेही सांगितलं. मला त्यातली चारच ऐकू येत होती.

मग मी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. डाव्या बाजूने आवाज मेलेला, उजव्या बाजूने थोडा बरा. हेडफोन उलटा केला, उजव्याची वाटी डाव्या कानावर. हेडफोन खराब असता तर मेलेली बाजू आता उजवीकडे यायला पाहिजे होती. ती आली नाही. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. जुना हेडफोन काढून तोही तसाच फिरवून पाहिला. मुकी बाजू काही जागची हलली नाही, ती माझ्या डाव्या कानाशीच बसून राहिली.

मी खुर्चीवर बसलो. वीस वर्षं उजव्या खांद्यावर कॅमेरा धरला. उजवा कान कॅमेऱ्याने झाकलेला, डावा उघडा, अन् प्रत्येक लग्नात डीजेच्या भिंतीपाशी मीच सगळ्यांत जवळ. लोकांच्या घरात टीव्ही फाटत होती ती खरंच फाटत होती. चिखलीचा तो दुकानदार खरं बोलत होता. अन् लग्नात कोणी माझ्याशी बोललं की न ऐकताच हाव हाव म्हणायची मला सवयच लागली होती, कोणाचं बोलणं मला पूर्ण कळत नाही हे मी स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. टेलर माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला होता. मला तो आठवतही नव्हता.

बायको म्हणाली की पोरीला बोलवा. मी म्हणालो, थांब जरा. तिला बोलवायचं म्हणजे आधी खोटं सांगितलं हे कबूल करायचं, अन् ऐकू का आलं नाही तेही सांगायचं. डोणगावात एका माणसाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळतं. बहिऱ्याला शूटिंग कोण देईल. तुळशीचं लग्न दोन-अडीच महिन्यांवर आलेलं, लग्नांची बोलणी चालू झालेली. नंतर केव्हातरी एखाद्या जुन्या डिस्कमध्ये सापडलं असं सांगू, असं मी म्हणून पाहिलं.  बायको पुढे गेली अन् मला दिसेल अशी उभी राहून तिने फोन लावला.

पोरगी दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने आली. मी तिला आधी सगळं सांगितलं. कान माझे गेले आहेत, हेडफोनचा काही दोष नव्हता, तुझा बाप बोलला होता अन् मी तुला नाही म्हणून सांगितलं. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचं सगळं लक्ष हेडफोनकडे होतं. बायकोने तो तिच्या डोक्यावर नीट बसवला, आवाज वीसवर ठेवला अन् चालू केलं.

टेलर म्हणतो ते एवढंच. "भाऊ, क्यामेरा तिच्याच तोंडावर ठेवजा. मले तिकडं पाहावत नाही. घरी बसून पाहीन, वाटन तितक्यांदा."

त्यावर माझा आवाज आहे. माझा मोठाच असतो, तो मलाही ऐकू आला. "सरका, सरका. मधात येऊन राह्यले तुम्ही."

पोरगी रडली नाही. निदान लगेच नाही. तिने विचारलं की बाबा व्हिडिओ मागायला आले होते का. मी सांगितलं, दोनदा आले होते. दोन्ही वेळा मी परत पाठवलं. का पाठवलं तेही सांगितलं, आहेराचा संशय घेतला तेसुद्धा सांगितलं, काहीच ठेवून घेतलं नाही.

"म्हणजे त्याइनं पाह्यलाच नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

 तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पुन्हा चालू करायला सांगितलं. मग पुन्हा. बायकोने माऊस तिच्या हातात दिला अन् कुठं दाबायचं ते दाखवलं, अन् आम्ही दोघं पुढे येऊन बसलो. एकाने आधारची झेरॉक्स मागितली, बायकोने काढून दिली. पार्टिशनमागे पोरगी आता रडत होती, असं बायको म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही.

तासाभराने तिने मला मागे बोलावलं. तेवढा तुकडा मोबाइलमध्ये पाहिजे म्हणाली. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. तुकड्याच्या सुरुवातीला खूण केली, टेलरचं वाक्य संपतं तिथं, माझ्या 'सरका'च्या आधी, दुसरी खूण केली. माझा आवाज काढून टाकायचाच होता. तो ऐकणं मलाच सहन होत नव्हतं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"काढू नका काका, राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही सरका म्हटल्यावर बाबा बाजूले सरकतात. त्याइच्या चपलीचा आवाज येते."

मी दुसरी खूण पुढे सरकवली अन् तिला विचारलं, कुठपर्यंत. ती स्क्रीनकडे पाहत हेडफोनात ऐकत राहिली. पाच-सहा पावलं असावीत. मग तिने हात वर केला अन् मी तिथं कापलं. पुढे कानाच्या डॉक्टरने मशीन दिलं, ते लावूनही मी तो तुकडा कितीतरी वेळा ऐकला आहे. मला ती पावलं ऐकू येत नाहीत, पण ती आहेत. पोरीने सांगितलं आहे.